आगींत सांपडलेलें काँक्रीट

पुण्याच्या शनिवारवाड्यास सन १८२८ मध्यें आग लागून सागवानी मजले भस्मसात् झाले. दगडी जोतीं व तट मात्र अद्याप उभे आहेत. काँक्रीट हाहि दगडच, त्यास आगीचें भय कसलें, असें समजून पुष्कळ शेतकरी बंधु स्लॅबखालीं कडबा रचतात. ही समजूत अर्धीच खरी आहे.

मुरलेल्या सिमेंटमध्यें कांहीं पाणी छिद्रांत मोकळें असतें, कांहीं सिमेंटशीं संयोग पावलेलें असतें. उष्णतामान १०० अंश सेंटिग्रेडच्या वर गेलें कीं मोकळ्या पाण्याची वाफ होते. काँक्रीट ओलसर व घट्ट असून आंच एकाएकीं लागली, तर वाफेस वाट न मिळून पृष्ठभागाचे ढलपे उडतात. सुमारें ३०० अंशांपर्यंत बळ फारसें घटत नाहीं. ४०० ते ५०० अंशांच्या दरम्यान सिमेंटमधील विरलेला चुना पाणी सोडून कळीचा चुना बनतो. आग विझल्यावर तोच चुना ओलावा शोषून फुगतो. म्हणून धड दिसणारें काँक्रीटहि पुढें कांहीं दिवसांनीं तडकतें. ६०० अंशांस सुमारें निम्में बळ गेलेलें असतें.

खडीवरहि पुष्कळ अवलंबून असतें. गारगोटी ५७३ अंशांस एकाएकीं फुगून सभोंवारचें सिमेंट फोडते. पुणें प्रांतींच्या काळ्या फत्तरांत गारगोटीचा अंश अत्यल्प असल्यानें त्याची खडी आंचेस अधिक टिकते.

खरें भय सळयांचें. ५५० अंशांच्या सुमारास पोलादाचें निम्में बळ नाहींसें होतें. सळयांवरील काँक्रीटचा थर हेंच त्यांचें चिलखत. तें उडालें कीं छत वांकूं लागतें. तें शाबूत राहिल्यास इमारत तरते. २१ जून २०१२ रोजीं मुंबईच्या मंत्रालयाचे वरचे मजले जळाले, तरी इमारत उभी राहिली व दुरुस्तीनंतर पुन्हां वापरांत आली.

यावरून घ्यावयाचा बोध असा. कडबा घरापासून व गोठ्यापासून दूर, उघड्यावर रचावा. गुऱ्हाळाचें चुलाण काँक्रीटचें करूं नये. भट्टीच्या विटा व माती वापरावी. आग लागून गेलेल्या छताखालीं जनावरें बांधूं नयेत. प्रथम टेकू द्यावे. हातोडीनें ठोकतां बद्द आवाज आला, किंवा रंग तांबूस दिसला, तर आंच आंतवर पोंचली असें समजावें. गिलावा करून तडे झांकूं नयेत. जाणत्या इंजिनियराकडून तपासणी करवूनच छत पाडावें कीं राखावें हें ठरवावें.