मुलांचा घोटा मुरगळला? सूज उतरल्यावरही लक्ष ठेवा



खो-खो खेळताना पाय वाकडा पडला, बांधावरून उडी मारली, सायकलच्या चाकात पाय अडकला. घरात लेकरं असली की घोटा सुजणं काही नवीन नाही. आपण हळदीचा लेप लावतो, कापड बांधतो आणि म्हणतो, "मुरगळलंय, होईल दोन दिवसांत बरं." मोठ्या माणसाच्या बाबतीत हे बऱ्याचदा खरं ठरतं. पण वाढत्या वयाच्या मुलामुलींच्या घोट्याला हाच नियम लावला, तर कधी कधी पाय कायमचा वाकडा होऊ शकतो. म्हणून हा विषय नीट समजून घेऊ या.

मुलांचं हाड वेगळं कसं?

ऊस कसा वाढतो ते आपण पाहतो. कांडं वाढतं ते पेरापाशी. मुलांच्या लांब हाडांचंही तसंच आहे. हाडाच्या टोकाजवळ कुर्च्याची एक मऊ पट्टी असते, तिथून हाड लांब होतं. तिला वाढीची पट्टी म्हणू. नडगीचं हाड जेवढं वाढतं, त्यातली साधारण ४० टक्के वाढ घोट्याजवळच्या पट्टीतून होते. मुलींमध्ये ही पट्टी साधारण १४-१५ वर्षांपर्यंत आणि मुलांमध्ये १६-१७ वर्षांपर्यंत पक्की होऊन बंद होते.

तोवर ही पट्टी नाजूक असते. घोटा मुरगळला की मोठ्यांमध्ये सांध्याचे बंध ताणले जातात. लहानांमध्ये मात्र बंध पट्टीपेक्षा मजबूत असतात. त्यामुळे बंध टिकतो आणि पट्टीच तडकू शकते. वरून दोन्हीकडे सूज सारखीच दिसते.

दुर्लक्ष झालं तर काय होतं?

पट्टीच्या एका बाजूला इजा झाली की तिथली वाढ थांबू शकते. दुसरी बाजू वाढतच राहते, आणि घोटा हळूहळू आत किंवा बाहेर कलतो. पूर्ण पट्टी बंद पडली तर तो पाय आखूड राहतो. चीर सांध्यापर्यंत गेली असेल आणि हाड नीट बसलं नसेल, तर पुढे सांधा झिजतो व ऐन उमेदीत चालताना दुखू लागतं. लहान वयात इजा झाली तर धोका जास्त, कारण वाढायचे दिवस अजून पुष्कळ असतात.

सगळ्याच मुलांना असं होत नाही. बहुतेक मुलं वेळेवर उपचार मिळाले की छान बरी होतात. पण वाढ थांबल्याचं लगेच दिसत नाही, ते दिसायला काही महिने लागतात. आपली फसगत होते ती इथेच.

दवाखान्यात कधी न्यायचं?

- मूल चार पावलंही टाकू शकत नाही.
- घोट्याच्या हाडावर बोट दाबलं की कळवळतं.
- घोटा वाकडा दिसतो किंवा सूज फार आहे.
- दोन-तीन दिवसांत दुखणं कमी झालं नाही.
- पाय चाकात अडकला होता. यात वरून कातडी बरी दिसते आणि आतली इजा नंतर कळते.

हाड सरकलं असेल तर पहिल्या काही दिवसांतच बसवावं लागतं. आठ-दहा दिवसांनी जोर लावून बसवलं तर पट्टीलाच धक्का बसतो. जखम उघडी असेल, बोटं थंड किंवा निळी पडली असतील, तर थांबूच नका, १०८ ला फोन करा.

घरी काय करायचं?

पायावर भार देऊ नका. बर्फ कापडात गुंडाळून १५-२० मिनिटं ठेवा. बर्फ नसेल तर माठातल्या पाण्याची घडी चालते. पाय उशीवर उंच ठेवा. चोळू नका, शेकू नका, ओढू नका. हाड बसवणाऱ्या जाणत्या माणसावर गावाचा विश्वास असतो, पण वाढीची पट्टी हाताला कळत नाही. कामट्या लावून करकचून बांधलं तर रक्त अडतं आणि पाय गमवायची वेळ येते.

प्लॅस्टर लागलं तर

बोटं सुजली, बधिर झाली, निळी पडली किंवा औषध देऊनही दुखणं वाढत गेलं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा, मग रात्र असली तरी. काही वेळा एक्स-रे साफ दिसतो, तरी डॉक्टर प्लॅस्टर घालतात. "उगाच घातलं" म्हणून घरी कापू नका. पट्टीतली चीर एक्स-रेमध्ये दर वेळी दिसत नाही.

प्लॅस्टर निघाल्यावर

पट्टीला इजा झाली असेल तर डॉक्टर काही महिन्यांनी पुन्हा बोलावतात, एक-दोन वर्षं फेऱ्या असू शकतात. नेमक्या ह्याच फेऱ्या आपण चुकवतो. मूल धावत असतं, मजुरी बुडते, एसटीचं भाडं लागतं. पण वाढ थांबल्याचं लवकर कळलं तर उपाय असतात. उशिरा कळलं तर मोठी शस्त्रक्रिया करावी लागू शकते.

महिन्यातून एकदा घरीही बघा. मुलाला सपाट फरशीवर अनवाणी उभं करा आणि मागून पाहा, दोन्ही टाचा सरळ आहेत का? उताणं झोपवून गुडघे वाकवा, पावलं जुळवा, दोन्ही गुडघे एका उंचीला येतात का? लंगडतंय का? चप्पल एकाच बाजूने झिजतेय का? फरक दिसला तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका.

खर्चाचं काय?

प्राथमिक आरोग्य केंद्रात बहुधा एक्स-रे नसतो, त्यामुळे ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात जावं लागतं. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी व उपचार मोफत आहेत. उरतो तो जाण्या-येण्याचा खर्च आणि बुडालेला रोज. त्यासाठी गटाचं अंतर्गत कर्ज आहे. ते फक्त बी-बियाण्यांसाठी आणि लग्नासाठीच घ्यायचं, असं कुठे लिहिलेलं नाही.

पुढच्या बैठकीत बचतीचा हिशेब झाला की एवढंच विचारा, "कुणाच्या लेकराचा पाय यंदा दुखावला होता का? पुढची तारीख कधी आहे?" ती तारीख इतिवृत्तात लिहून ठेवा. ताई विसरली तर गट आठवण करील.