ट्रॅकवर जाताय? आधी डोक्याचं बघा!

उन्हाळा जवळ आला की आमच्या बे एरियातल्या मराठी मित्रमंडळींत एक विषय हमखास निघतो. कुणीतरी नवी, जरा दमदार गाडी घेतलेली असते आणि दुसरा कुणी म्हणतो, "थंडरहिलला ट्रॅक डे आहे, येतोस का?" ट्रॅक डे म्हणजे शर्यत नव्हे, हे मी पुण्याला फोनवर आईला किती वेळा सांगितलं असेल! आपलीच रोजची गाडी, बंद ट्रॅक, नवख्याच्या शेजारी प्रशिक्षक, आणि पुढच्याने खिडकीतून हात दाखवल्याशिवाय ओव्हरटेक नाही. सगळं खरं. पण सरळ पट्ट्यावर साधी सेडानसुद्धा ताशी १०० मैल, म्हणजे १६० किलोमीटरचा वेग गाठते, हेही खरं.

लोक टायर, ब्रेक पॅड, सायलेन्सर यांवर महिनोन् महिने अभ्यास करतात. हेल्मेटची आठवण मात्र आदल्या आठवड्यात होते. मग, "माझ्याकडे बाइकचं हेल्मेट आहे, चालेल ना?" पुणेकर आणि हेल्मेट यांचं नातं जगजाहीर आहे, त्यामुळे घरात हेल्मेट आहे याचाच मला आधी आनंद होतो! पण उत्तर जरा लांब आहे.

अमेरिकेत ट्रॅकवर चालतं ते स्नेल फाउंडेशनचं प्रमाणपत्र. पीट स्नेल नावाचा एक हौशी रेसर १९५६ मध्ये शर्यतीत डोक्याला मार लागून गेला. हेल्मेट होतं, पण त्याने वाचवलं नाही. त्याच्या स्मरणार्थ १९५७ मध्ये ही संस्था उभी राहिली. तिच्या प्रमाणपत्रात 'एम' म्हणजे मोटरसायकल आणि 'एसए' म्हणजे कारच्या शर्यतीसाठी. दोन्ही मजबूतच, पण अपघाताची कल्पना वेगळी. बाइकवाला रस्त्यावर पडतो. कारमधला माणूस पिंजऱ्याच्या लोखंडी नळीवर एकाच जागी पुन्हा पुन्हा आपटू शकतो आणि गाडीला आग लागू शकते. म्हणून 'एसए'मध्ये त्या नळीवर आपटण्याची वेगळी चाचणी असते आणि आतलं अस्तर आगीला दाद न देणारं असावं लागतं. 'एम'ला या दोन्ही अटी नाहीत. काही आयोजक नवख्यांना 'एम' चालवून घेतात, पण नवीन घ्यायचंच असेल तर 'एसए' घ्या. भारतातून आणलेलं आयएसआय शिक्क्याचं किंवा इथलं नुसतं 'डॉट'चं हेल्मेट तपासणीच्या रांगेतूनच परत येतं.

हे मानक साधारण दर पाच वर्षांनी बदलतं. सध्या एसए २०२० आणि एसए २०२५ ही दोन ताजी. स्नेलचाच सल्ला आहे की हेल्मेट पाच वर्षांनी बदला. घाम, केसांचं तेल, वापर यांनी आतला फोम थकतो. जुनं स्वस्तात मिळतंय म्हणून घेऊ नका. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून नवंकोरं दिसू शकतं, आतला फोम मात्र आपलं काम करून बसलेला असतो.

किंमत तीनशे डॉलरच्या आसपास सुरू होते आणि हजारांत जाते. जास्तीचे पैसे बहुतेक हलक्या वजनासाठी. माझं मत विचाराल तर ब्रँडपेक्षा माप महत्त्वाचं. भुवयांच्या जरा वरून टेपने घेर मोजा. घातल्यावर गाल आत दाबले गेले पाहिजेत, अगदी गालगुंड झाल्यासारखे. हेल्मेट धरून डावी-उजवीकडे हलवलं तर गालाची कातडी सोबत सरकली पाहिजे. मग ते डोक्यावर ठेवून वीस-पंचवीस मिनिटं घरात फिरा, खुशाल भांडी घासा. कपाळावर एकाच ठिकाणी ठणकायला लागलं तर तो आकार तुमच्या डोक्याचा नाही. कुणाचं डोकं गोल, कुणाचं लांबट. चष्मा असेल तर तो घालूनच बघा.

कपड्यांचं शास्त्र तर आपल्याला आयांनीच शिकवलंय. स्टोव्हपुढे नायलॉनची साडी नको, फटाके उडवताना सुतीच कपडे घाल. ट्रॅकवरही तेच. घाम शोषणारे म्हणून मिळणारे पॉलिस्टरचे चकचकीत टीशर्ट आगीत वितळून कातडीला चिकटतात. आतल्या कपड्यांसकट सगळं सुती, पूर्ण बाह्या, जीन्स; पहिल्या काही ट्रॅक डेंना एवढं पुरतं. पुढे गंभीरपणे करायचं ठरलं की नोमेक्सचा सूट. हा धागा वितळत नाही. पण इथेही अंगरख्यावरचा शिक्का वाचा. एसएफआय ३.२ए/१ म्हणजे दुसऱ्या दर्जाचा भाजका होईपर्यंत साधारण ३ सेकंद, ३.२ए/५ म्हणजे १०. पट्टा सोडून दार उघडून बाहेर पडायला किती वेळ लागतो ते एकदा घड्याळ लावून बघा! बुटांचा तळ पातळ आणि अरुंद हवा. पळण्याच्या पसरट बुटाने ब्रेकसोबत ॲक्सिलरेटरही दाबला जातो.

गेल्या वर्षी एका मित्राने गाडीला शर्यतीतला चार टोकांचा पट्टा बसवला. नुकताच बाप झालेला. बायको म्हणाली, "जाऊ दे त्याला, पण अंगावर काय चढवायचं ते तू ठरवायचंस." मी पहिलं काय केलं, तर तो पट्टा काढायला लावला. तो चिडला, "अरे, जास्त सेफ्टी नको का?"

खोच इथेच आहे. कंपनीचा तीन टोकांचा पट्टा, एअरबॅग आणि सीट हे एकमेकांसाठी बनवलेलं त्रिकूट असतं. चार टोकांच्या पट्ट्याने खांदे जखडले की धडकेत फक्त डोकं पुढे झेपावतं, तेही हेल्मेटचं दीड किलो वजन घेऊन. कवटीच्या तळाशी होणारं हे फ्रॅक्चर जीवघेणं. २००१ मध्ये डेटोना येथे डेल अर्नहार्ट असाच गेला आणि त्याच वर्षी नॅसकारने मान सांभाळणारं उपकरण सक्तीचं केलं. त्यातलं प्रसिद्ध 'हान्स', प्राध्यापक रॉबर्ट हबर्ड आणि त्याचा मेहुणा, रेसर जिम डाउनिंग यांनी घडवलेलं. पण नेहमीचं हान्स खांद्यावरच्या दोन पट्ट्यांखाली दाबून बसतं, साध्या पट्ट्यावर त्याचा उपयोग नाही. शिवाय गाडी उलटून छप्पर खचलं, तर जखडलेल्या माणसाला बाजूला कलताही येत नाही. म्हणजे मागे रोल बार हवा. पट्टा, योग्य सीट, रोल बार, हान्स: घ्यायचं तर सगळं एकदम, नाहीतर कंपनीचं आहे तेच ठेवा.

मित्राने पट्टा परत केला आणि त्या पैशांत एसए २०२० चं हेल्मेट घेतलं. बायकोने स्वतः त्याचे गाल सरकतात का ते हलवून बघितलं, जरा जास्तच जोरात.

जाणाऱ्यांसाठी एक शेवटचं. थंडरहिलला उन्हाळ्यात पारा चाळिशीला टेकतो. पाणी भरपूर न्या, डोक्याला सुती रुमाल किंवा बालाक्लाव्हा ठेवा, आणि दोन फेऱ्यांच्या मधे हेल्मेट गाडीच्या टपावर ठेवू नका. तिथे वारा जबरदस्त असतो, घरंगळून खाली येतं.