मोडलेल्या तारेतले बुडबुडे

लोखंडाची तार वाकवली म्हणून लगेच मोडत नाही. वाकवा, सरळ करा, परत वाकवा, असं दोन-तीनदा केल्यावर कुठे ती हार मानते. इंग्लंडमध्ये विल्यम जॉन्सन नावाच्या गृहस्थांनी अशीच एक तार काही मिनिटं आम्लात बुडवली, बाहेर काढली आणि वाकवली. पहिल्याच फटक्यात कट्! मोडलेलं टोक ओलं केलं, तर त्यातून बारीक बुडबुडे फसफसत वर आले. तारेच्या आतून, बरं का! (आम्लाचा हा उद्योग घरी अजिबात करायचा नाही. जॉन्सन यांनी तो करून १८७५ मध्ये रॉयल सोसायटीला सविस्तर कळवलाय, तेवढं पुरे.)

ते बुडबुडे होते हायड्रोजनचे. आम्ल लोखंडाला भिडलं की हायड्रोजन तयार होतो. बराचसा हवेत उडून जातो, पण थोडा चक्क लोखंडात घुसतो. एवढ्या टणक वस्तूत? हो, कारण लोखंडाचे अणू कितीही दाटीवाटीनं बसले तरी मध्ये फटी राहतातच, आणि हायड्रोजनचा अणू असतो अगदी चिमुकला. एका फटीतून दुसरीत उड्या मारत तो आरामात पुढे सरकतो.

मात्र हे जमतं ते एकट्यालाच. एरवी हायड्रोजनचे अणू जोडीजोडीनं राहतात. जत्रेच्या गर्दीतून एकटं पोर सुळकन निसटतं, पण दोघं हात धरून निघाली की अडकलीच म्हणून समजा! इथेही तसंच. लोखंडाच्या आत कुठे अणूंची रांग मोडलेली असते, कुठे बारीकशी पोकळी असते. अशा जागी आलेला अणू रेंगाळतो. पोकळीत दोन अणू भेटले की त्यांची जोडी जमते आणि मग त्या जोडीला फटीतून बाहेर पडता येत नाही. मागून आणखी येतच राहतात. दाब वाढतो, इतका की कधीकधी धातूवर फोड उठतात.

जॉन्सन यांची तार मात्र काही दिवस नुसती ठेवली की पुन्हा चिवट व्हायची आणि गरम केली तर आणखी लवकर. ऊब मिळाली की अणू जोरात उड्या मारतात आणि बाहेर पळतात. प्लेटिंग करताना, म्हणजे दुसऱ्या धातूचा थर चढवतानाही, पोलादात हायड्रोजन घुसू शकतो. म्हणून मजबूत पोलादाच्या बोल्टांवर प्लेटिंग केलं की कारखान्यात ते सुमारे २०० अंश सेल्सिअसच्या भट्टीत काही तास भाजतात.

आता एक विचित्र गोष्ट. पोलाद जितकं जास्त मजबूत, तितका त्याला हायड्रोजनचा धोका जास्त! अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या बे ब्रिजचा नवा भाग बांधताना हे सगळ्यांना दिसलं. मार्च २०१३ मध्ये तिथल्या ९६ पोलादी सळया आवळून ताणल्या. चांगल्या तीन-तीन इंच जाडीच्या! थोड्याच दिवसांत त्यांतल्या ३२ तुटल्या. सळया ज्या भोकांत बसवल्या होत्या, त्यांत आधी पाणी साचलेलं होतं. सळयांवर जस्ताचा थर होता, आणि पाण्यात जस्त-पोलाद एकत्र आलं की हायड्रोजन सुटू शकतो. सळई ताणली की हा हायड्रोजन जिथे ताण सर्वांत जास्त तिथेच गोळा होतो आणि भेग हळूहळू आत सरकते. म्हणून तर त्या आवळताक्षणी तुटल्या नाहीत, मागाहून तुटल्या.

मग उपाय? हायड्रोजनला पकडून ठेवायचं! पोलादात निओबियम कार्बाइडचे अतिसूक्ष्म कण मुद्दाम पेरतात. २०२० मध्ये सिडनी विद्यापीठातल्या संशोधकांनी जड हायड्रोजन (हायड्रोजनचाच जरा वजनदार भाऊ) भरलेलं पोलाद गोठवून त्यातला एकेक अणू कुठे बसलाय ते पाहिलं. काही अणू मोडक्या रांगांपाशी होते, तर काही या कणांना चिकटलेले. कणांपाशी जखडलेला हायड्रोजन भेगेकडे धावू शकत नाही.