नर्सिंग होमची निवड : गरज पडण्यापूर्वीच चौकशी करा

सुताचा सौदा करताना आपला कारखानदार काउंट विचारतो, धागा ताणून पाहतो, दोन-तीन व्यापाऱ्यांकडे भाव काढतो आणि मगच होकार देतो. परंतु घरात बाळंतपण आले किंवा रात्री वडिलांच्या छातीत दुखू लागले की हाच माणूस रस्त्यावर जो बोर्ड आधी दिसेल तिथे पेशंटला नेतो आणि मागतील तेवढी अनामत मोजतो. ही रक्कम बहुधा सूत खरेदीसाठी ठेवलेली असते. पुढे बिल वाढत गेले की उधारी वाढते, आणि प्रसंगी साचा विकण्याची पाळी येते. मालेगाव, भिवंडीच्या वाचकांना हे वेगळे सांगायला नको.

म्हणून ही चौकशी घरात सर्व खैरियत असतानाच करावी.

महाराष्ट्रात नर्सिंग होमला १९४९ च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखाली नोंदणी करावी लागते. तिची मुदत तीन वर्षांची असते आणि प्रमाणपत्र दर्शनी भागात लावणे बंधनकारक आहे. ते मुदतीत आहे की नाही, एवढे तरी पाहावे. महापालिका हद्दीत ही माहिती पालिकेच्या आरोग्य विभागातही मिळते. जानेवारी २०२१ मध्ये या कायद्याचे नियम सुधारण्यात आले. त्यानुसार दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद लावावी लागते, तसेच बिल थकले म्हणून मय्यत अडवून ठेवता येत नाही. दरपत्रक दिसले नाही तर मागावे. त्यात संकोच कसला? आपल्या दुकानात गिऱ्हाईक भाव विचारतेच ना!

दुसरी चौकशी रात्रीची. बोर्डावर चार मोठ्या डॉक्टरांची नावे असतात, पण रात्री दोन वाजता हजर कोण असतो? आपल्या वस्त्यांत बहुतेक ठिकाणी रात्रपाळीला युनानी किंवा होमिओपॅथीचे तरुण डॉक्टर असतात. त्यांच्या मेहनतीबद्दल शंका नाही. तरीही मोठे डॉक्टर किती वेळात पोहोचतात, सिझेरियनची वेळ आली तर भूलतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ कोठून येतात, रक्त कोणत्या रक्तपेढीतून आणतात, हे आधीच विचारून ठेवावे. उत्तर देताना जो डॉक्टर चिडतो, त्याच्याकडे जाऊ नये असे आमचे स्पष्ट मत आहे.

याउलट, ‘हे आमच्याकडे होणार नाही, वेळेत पुढे न्या’ असे जो सांगतो, त्याच्यावर विश्वास ठेवावा. मालेगावहून नाशिक सुमारे १०० किलोमीटर आहे. पेशंट संध्याकाळी हलवला आणि पहाटे हलवला यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. नर्सिंग होमची स्वतःची रुग्णवाहिका आहे का आणि तिच्यात ऑक्सिजन असतो का, हेही पाहावे.

इमारतीकडे आपले लक्षच जात नाही. २८ एप्रिल २०२१ रोजी पहाटे मुंब्र्यातील कौसा भागात एका खासगी रुग्णालयाला आग लागली आणि चार रुग्ण दगावले. पेशंटला भेटायला जाल तेव्हा दुसरा जिना आहे का आणि तो मोकळा आहे का, हे नजरेखालून घालावे. काही ठिकाणी त्या जिन्यावर खोकी आणि जुन्या खाटा रचलेल्या असतात.

आता पैशाची बाजू. दर दोन दिवसांनी चालू बिल मागावे, रोख दिलेल्या प्रत्येक रकमेची पावती घ्यावी. औषधे तिथल्याच दुकानातून घेण्याची सक्ती नसते. विम्याबाबत उलेमांमध्ये मतभेद आहेत; ज्याने त्याने आपल्या विश्वासातील आलिमांना विचारावे. ज्यांच्याकडे पॉलिसी आहे त्यांनी तिच्यात खोलीच्या भाड्याची मर्यादा आहे का ते वाचावे, कारण महाग खोली घेतली तर पुष्कळदा इतर खर्चालाही कात्री लागते. विमा न घेणाऱ्याने धंद्याच्या गल्ल्यातून दरमहा वेगळी रक्कम काढावी आणि ती सुताला लावू नये.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. मात्र ते योजनेत असलेल्या रुग्णालयात आणि ठरलेल्या उपचारांनाच मिळते. मोहल्ल्यातील लहान नर्सिंग होम त्यात असेलच असे नाही. जवळचे कोणते रुग्णालय योजनेत आहे ते शोधून ठेवावे. तिथे आरोग्यमित्र बसतो, तो कागदपत्रे सांगतो.

हे कारागिरांसाठीही करावे. उत्तर प्रदेश, बिहारहून आलेल्या पुष्कळ कामगारांच्या घरी आयुष्मान कार्ड असते आणि ते दुसऱ्या राज्यातही योजनेतील रुग्णालयात चालते. पण कार्ड राहते गावच्या पेटीत आणि माणूस पडतो इथे आजारी. मालकाने त्याची आणि आधार कार्डाची एक प्रत कारखान्याच्या फाइलमध्ये ठेवून घ्यावी.