वरच्या मजल्यावरची पोरं

आमच्या वरच्या मजल्यावर पहाटे साडेचारला तीन गजर एकामागून एक वाजतात. जाग येते ती आम्हाला, खालच्यांना. पोरं दोन-अडीचला झोपलेली असतात, ती हलतही नाहीत.

लातुरात अशी घरं गल्लोगल्ली आहेत. खाली घरमालक, वर दोन-तीन खोल्या, खोलीत दोन किंवा तीन कॉट, भिंतीवर पिरिऑडिक टेबल. राजर्षी शाहू आणि दयानंद महाविद्यालयांची पोरं बोर्डाच्या गुणवत्ता यादीत झळकू लागली, तसा ‘लातूर पॅटर्न’ हा शब्द राज्यभर गेला. पुढे नीट-जेईईच्या शिकवण्या आल्या आणि शहराचा एक भागच ‘ट्यूशन एरिया’ झाला. नांदेडला श्यामनगर-भाग्यनगरकडे हेच चित्र. दहावी झालेलं लेकरू पंधराव्या-सोळाव्या वर्षी गादी, बादली आणि पुस्तकं घेऊन इथं उतरतं. क्लास ठरवताना बाप चार ठिकाणी चौकशी करतो, सर कोण, बॅच कुठली, मागच्या वर्षी किती सीटा लागल्या. खोली मात्र दहा मिनिटांत ठरते. त्या दिवसापासून लेकरू कधी झोपतं, काय खातं, कुठलं पाणी पितं, हे बघणारं घरचं कुणी राहत नाही. रविवारच्या फोनवर प्रश्न एकच: “टेस्टला किती पडले?”

मी घरमालकीण. पोरं काकू म्हणतात. भाडं घ्यायचं आणि गप्प बसायचं हा शहाणपणा काही मला जमलेला नाही.

झोपेचं आधी सांगते, कारण बाकीचं बरंचसं तिथूनच बिघडतं. तेरा ते अठरा वयात आठ ते दहा तास झोप लागते, असं झोपेचा अभ्यास करणारे डॉक्टर सांगतात. वर ती पाच तासांच्या आत येते. यात सगळा दोष पोरांचा नाही. वयात येताना झोपेची वेळच पुढं सरकते. झोपेची चाहूल देणारं मेलाटोनिन मोठ्या माणसापेक्षा उशिरा पाझरायला लागतं. दहाला “झोप आता” म्हटलं, तर पोराला खरंच झोप येत नसते. त्यात डोळ्यांवर मोबाइलचा उजेड, आणि रात्री दहाला टपरीवरचा चहा. पोटात गेलेलं कॅफिन निम्मं उतरायलाच साधारण पाच तास लागतात. म्हणजे दहाचा चहा तीनलाही निम्मा अंगात. आणि साडेसहाची बॅच तर कुणासाठी थांबत नाही.

वाचलेलं पक्कं होतं ते झोपेत. ऑर्गॅनिकच्या रिॲक्शन दोन वाजेपर्यंत घोकायच्या आणि चार तासांत उठायचं, म्हणजे गळक्या टाकीत टँकर रिकामा करणं. लातूरकरांना हे जास्त फोड करून सांगायला नको.

शिवाय एक साधी गोष्ट कुणी लक्षात घेत नाही. नीटचा पेपर असतो दुपारी दोनला. २०२५ ची परीक्षा ४ मे रोजी दोन ते पाच झाली, १८० प्रश्न, आणि मे महिन्यातलं इकडचं ऊन वेगळं सांगायला नको. वर्षभर रात्री जागलेलं आणि दुपारी पेंगलेलं शरीर नेमकं त्या तीन तासांत ताजं कुठून असणार? आमच्याकडच्या एका रिपीटर पोरानं हे ओळखलं होतं. शेवटचे दोन महिने तो रोज दोन ते पाच सराव पेपर सोडवायचा, फोन माझ्या फडताळात ठेवून, आणि अकराला दिवा बंद. त्याला सीट लागली की नाही, ते मुद्दाम सांगत नाही. लागली असती तरी ती झोपेमुळंच लागली, असं मी कोणत्या तोंडानं म्हणणार?

आता डबा. मेसच्या चार पुडांत पोळ्या, बटाटा, भात आणि वरण. लातूर म्हणजे डाळींची पेठ. जिल्ह्यातल्या बोरसुरीच्या तूरडाळीला भौगोलिक मानांकन आहे, पानचिंचोलीच्या चिंचेला आहे, कास्तीच्या कोथिंबिरीलाही आहे. म्हणजे चांगल्या आमटीचं सगळं सामान मानांकनासहित हजर, आणि मेसच्या वरणात डाळ शोधावी लागते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९.१ टक्के आणि मुलांपैकी ३१.१ टक्के रक्तक्षयी निघाले. जिना चढताना दम लागणं, डोकं जड होणं, वाचलेली ओळ पुन्हा वाचावी लागणं, याला घरची माणसं आळस म्हणतात. आधी हिमोग्लोबिन बघावं.

शाळेत दहा ते एकोणीस वयासाठी आठवड्याला एक निळी गोळी मिळते, लोह आणि फॉलिक ॲसिडची. जंताची गोळी वर्षातून दोनदा. पण आमच्याकडच्या निम्म्या पोरांचं कॉलेज गावाकडं, ‘फक्त ॲडमिशन’ म्हणून. गोळी वाटली जाते तिथं, आणि पोरगं असतं इथं. सरकारी आरोग्य केंद्रात विचारलं तर मिळते, पण विचारायला कुणी जात नाही.

म्हणून जून महिन्यात सामान उतरवणाऱ्या आयांना मी सांगते, फरसाणाची पिशवी कमी करा. शेंगदाण्याची चटणी द्या, येसर द्या, फुटाणे आणि गूळ द्या. वरणावर लिंबू पिळलं की त्यातलं लोह जास्त अंगी लागतं, आणि जेवल्याबरोबर चहा घेतला की ते वाया जातं, एवढं पोराच्या कानावर घाला. रोज लिंबू विकत घ्यायला दहावी पास पोराला सांगावं लागतं हे खरं. पण सांगितलं की घेतात.

पाण्याचं काय बोलावं. १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातुरात आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. त्या उन्हाळ्यानंतर जार घराघरात बसला. पोरांचा समज असा की जारचं पाणी गार म्हणजे शुद्ध. गारवा मशिनीचा असतो. जार आतून कधी घासला, ते विचारा. पावसाळ्यात वर एकाला कावीळ झाली की पुढचा आठवडा सगळे उकळून पितात, मग पुन्हा जैसे थे.

माझी भाची नांदेडला भाग्यनगरात राहायची, तिची तऱ्हा उलटी. ती पाणीच प्यायची नाही. क्लासमधल्या स्वच्छतागृहात जावं लागू नये म्हणून सकाळी निघाल्यापासून दुपारी खोलीवर येईपर्यंत एक घोट नाही. लघवीला जळजळ सुरू झाली, ताप आला, तेव्हा कुठं आईला फोन. किती मुली असं करतात, ते त्यांच्या मैत्रिणींना विचारावं. क्लास बघायला जाणाऱ्या बापांनी फळ्याबरोबर तिथलं स्वच्छतागृहही बघून यावं. आत जाता येत नसेल तर आईला पाठवावं. अशा तक्रारींसाठी सरकारी रुग्णालयांत किशोरवयीनांचं ‘मैत्री क्लिनिक’ असतं, हे भाचीला आजारपणानंतर कळलं.

बोअरचं पाणी जड, हे मला शिकवलं ते हीटरच्या रॉडनं. डिसेंबरमधली सकाळ, वरून बादली आपटल्याचा आवाज आणि एक किंकाळी. पाणी तापलं का बघायला पोरानं रॉड चालू असतानाच बोटं बुडवली होती. झटक्यानं तो मागं फेकला गेला, म्हणून वाचला. रॉड हातात घेऊन पाहिला तर क्षारांचा पांढरा थर, बोटभर. तो थर चढला की आतली तार जास्त तापते, वरची नळी तडकते आणि वीज पाण्यात उतरते. त्यात आमच्या त्या सॉकेटला अर्थिंगच नव्हतं. चूक आमची. त्याच आठवड्यात वायरमनला बोलावून अर्थिंग ओढलं, ईएलसीबी बसवला. गळती झाली की तो डोळ्याचं पातं लवायच्या आत लाईन तोडतो. आता नियम असा: रॉड आधी पाण्यात, मग बटण, काढताना आधी प्लग. आणि बोट घालून पाणी बघायचं नाही. “काकू, रॉडला काही होत नाही,” असं म्हणणारा दरवर्षी एक तरी असतो.

गाडीचं थोडक्यात. “क्लास लांब पडतो” म्हणून सोळा वर्षांच्या पोराला स्कूटी देणारे बाप बरेच. या वयात कायदा फक्त ५० सीसीपर्यंतची बिनगियरची गाडी चालवू देतो, तीही परवाना काढून. रस्त्यावरची स्कूटी १००-१२५ सीसीची. २०१९ च्या दुरुस्तीनं पालकाला २५ हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद ठेवली, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द, आणि पोराला पंचवीस वर्षांचा होईतो परवाना नाही. त्यापेक्षा जुनी सायकल बरी. पायांनाही तेवढाच व्यायाम.

फोनवरचा धोका मात्र दिसत नाही. अनोळखी व्हिडिओ कॉल, मग रेकॉर्डिंग, मग “पैसे टाक, नाहीतर घरी पाठवतो”. पोरगं घाबरून मेसचे पैसे पाठवतं आणि चॅट पुसून टाकतं. दोन्ही करू नये. पैसे दिले की मागणी वाढते, पुसलं की पुरावा जातो. १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार होते. अठराच्या आतल्यांसाठी १०९८ हा मदतीचा नंबर चोवीस तास असतो.

आणि टेस्टच्या निकालाची रात्र. तेव्हा वर एरवीचा दंगा नसतो. एखादा जेवत नाही, डबा उघडलेलाच नसतो, दोस्तांत बसत नाही, आवडीची वस्तू दुसऱ्याला देऊन टाकतो. अशा वेळी मी मार्क विचारत नाही. “जीव नकोसा होतोय का?” असं सरळ विचारते. विचारल्यानं डोक्यात नसलेलं भलतं शिरत नाही, असं मानसोपचारवाले सांगतात. उलट कुणीतरी विचारलं म्हणून लेकरू बोलतं. १४४१६ हा टेलिमानसचा नंबर जिन्याच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलाय. तिथं मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

जानेवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारनं क्लासेससाठी सूचना काढल्या. सोळाच्या आतल्यांना प्रवेश नाही, दिवसाला पाच तासांवर शिकवणी नाही, आठवड्याला एक सुट्टी, आणि सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी टेस्ट नाही. शेवटची ओळ कुणी लिहिली माहीत नाही, पण त्या माणसाच्या घरी नक्की एखादं रिपीटर लेकरू असणार.

परवा एक नवीन बाप आला, हिंगोलीकडचा. खोली बघितली, पंखा फिरवून बघितला, मग विचारलं, “ताई, लाईट रात्रभर राहतीय ना? लेकराला अभ्यास करायचाय.”

“राहतीय. पण अकराला बंद करावी, असं माझं सांगणं असतं.”

तो थोडा वेळ बल्बकडं बघत राहिला. मग म्हणाला, “मग भाड्यात काही कमी होईल का?”