आठ कानांचा डबा

एक प्रश्न विचारतो. दोन माणसांनी आपापली मनगटी घड्याळे सकाळी नऊ वाजता एकमेकांशी मिळवली आणि पुढे महिनाभर त्यांना हात लावला नाही. महिन्याच्या शेवटी दोन्ही घड्याळे तंतोतंत एकच वेळ दाखवतील का? नाही. दहा-पंधरा सेकंदांचा फरक सहज पडेल. व्यवहारात त्याचे आपल्याला काही वाटत नाही. तेवढ्याने कुणाची एस.टी. चुकत नाही! पण असा फरक गाण्याच्या ध्वनिमुद्रणात शिरला की काय होते, ते मी स्वतः घोटाळा करून शिकलो आहे.

आमच्या गावात एक निवृत्त संगीत शिक्षक आहेत. वय सत्तरीच्या पुढे, पण गळा तयार. आमच्या महाविद्यालयातील काही मुले त्यांच्याकडे शिकायला जात. गुरुजींचे गाणे त्यांच्याच घरी नीट ध्वनिमुद्रित करून ठेवावे असे त्यांच्या मनात आले. "सर, तुम्ही आम्हांला ध्वनी शिकवता, तेव्हा तुम्ही हवेतच," असे म्हणून त्यांनी मलाही ओढले. गळ्याला एक, संवादिनीला एक, आणि दायाँ-बायाँला एकेक असे चार माइक लागणार होते. आमच्याजवळ दोन-दोन माइकांचे दोन ऑडिओ इंटरफेस होते. दोन लॅपटॉप आणले. एकाला गळा आणि संवादिनी जोडली, दुसऱ्याला तबला. सुरुवातीला एक टाळी वाजवून घेतली, म्हणजे पुढे दोन्ही मुद्रणे टाळीवर टाळी ठेवून जुळवता येतील. मला माझ्या हुशारीचे कौतुकही वाटले!

गुरुजी चाळीस मिनिटे गायले. घरी येऊन मी मुद्रणे जुळवली. विलंबित उत्तम. मात्र द्रुत सुरू होईपर्यंत तबला मागे पडू लागला. गळ्याच्या माइकमध्येही तबल्याचा आवाज थोडा शिरलेला होताच, त्यामुळे प्रत्येक बोल दोनदा ऐकू येई. शेवटच्या तिहाईचा तर पार चिवडा झाला. तबलजी बिचारा लयीत पक्का होता. बेताल झाले होते ते आमचे डबे.

डबा हा शब्द मुद्दाम वापरतो आहे. 'पेटी' म्हटले की गाण्याच्या बैठकीत ती संवादिनीच, म्हणून या यंत्राला आपण डबा म्हणू.

डब्यात काय असते?

माइकचा पडदा हवेच्या दाबाबरोबर थरथरतो आणि त्याबरहुकूम विद्युत् दाब कमी-जास्त होतो. हा दाब फारच थोडा असतो. चुंबक आणि तारेचे वेटोळे असलेल्या डायनॅमिक माइकसमोर मोठ्याने गायले तरी जेमतेम दोन-चार मिलिव्होल्ट. म्हणून डब्यात आधी प्रत्येक माइकसाठी एक प्रवर्धक म्हणजे ॲम्प्लिफायर असतो. तो हा दाब शेकडो पट वाढवतो. किती पट, ते ठरवणारी खुंटी म्हणजे 'गेन'. त्यापुढे असतो अंक पाडणारा परिवर्तक. तो सेकंदाला ठरावीक वेळा, समजा ४८,००० वेळा, त्या क्षणीचा दाब मोजतो आणि संख्या लिहून काढतो. या संख्या यू.एस.बी.च्या तारेतून संगणकात जातात. गाणे म्हणजे आता निव्वळ आकड्यांची लांबलचक यादी! माइकपासून यादीपर्यंतच्या अशा प्रत्येक वाटेला मार्ग किंवा चॅनल म्हणतात. आठ माइक, तर आठ मार्ग.

सेकंदाला इतके नमुने कशासाठी? माणसाच्या कानाला फार तर २०,००० हर्ट्झपर्यंतचे स्वर ऐकू येतात, आणि एखाद्या कंपनाची नोंद पुरतेपणी व्हायची तर त्याच्या वारंवारतेच्या दुपटीहून अधिक नमुने घ्यावे लागतात. हॅरी नायक्विस्ट यांचे १९२८ मधील आणि क्लॉड शॅनन यांचे १९४९ मधील काम या नियमाच्या मुळाशी आहे. दुप्पट म्हणजे ४०,०००, त्यावर थोडी सवड. मग १९८२ साली आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कसाठी ४४,१०० असा विचित्र आकडा कुठून आला? त्या काळी हे अंक चित्रफितीवर साठवत. चित्राच्या एका रेषेत तीन नमुने, एका क्षेत्रात कामाच्या २४५ रेषा, सेकंदाला ६० क्षेत्रे. गुणाकार करा. युरोपातील पद्धतीत रेषा २९४ आणि क्षेत्रे ५०; तोही गुणाकार करून पाहा. चित्रफिती गेल्या, आकडा राहिला.

चोर कोण?

आता आमच्या घोटाळ्याकडे वळू. सेकंदाला ४८,००० वेळा मोजायचे, पण डब्याला सेकंद कोण सांगतो? डब्यातला क्वार्ट्झचा स्फटिक. अशा डब्यांत बहुधा सेकंदाला २,४५,७६,००० कंपने करणारा स्फटिक वापरतात. या संख्येला ५१२ ने भागले की नेमके ४८,००० येतात. परंतु कोणतेही दोन स्फटिक अगदी एकसारखे कापले जात नाहीत, आणि तापमानानेही त्यांची गती किंचित बदलते. दर दहा लाख कंपनांत काही दहा कंपनांचा फरक असला तरी स्फटिक सदोष मानत नाहीत.

आमच्या तबल्याचा डबा दुसऱ्यापेक्षा सेकंदाला केवळ दोन नमुने जास्त घेत होता. चाळीस मिनिटे म्हणजे २,४०० सेकंद. जादा नमुने ४,८००. दोन्ही याद्या सेकंदाला ४८,००० या एकाच वेगाने वाजवल्या, की तबल्याची यादी एकदशांश सेकंद उशिरा संपणार! मिनिटाला २४० मात्रांची द्रुत लय असेल, तर एक मात्रा पाव सेकंदाची. म्हणजे तबला जवळजवळ अर्धी मात्रा मागे. दोन्ही डबे एकाच लॅपटॉपला जोडले असते तरी हे टळले नसते. स्फटिक दोनच राहिले असते.

बहुमार्गी डब्याचे खरे मोल इथे आहे. त्यात आठ प्रवर्धक असतात, आठ परिवर्तक असतात, पण घड्याळ एकच. आठही मार्गांचा दहा हजारावा नमुना एकाच क्षणी घेतला जातो. स्फटिक जरा पुढे पळाला तर आठही मार्ग मिळून पळतात, आणि दहा लाखांत चाळीसचा फरक स्वरात कुणाच्याही कानाला कळत नाही. एक डबा पुरत नसेल, तर दुसरा त्याला घड्याळाच्या तारेने किंवा प्रकाशतंतूने जोडतात. मग एक डबा ठोका देतो आणि दुसरा आपला स्फटिक बाजूला ठेवून तो पाळतो. दोन्ही डब्यांना 'मीच ठोका देणार' असे सांगून ठेवले, तर मात्र मधूनमधून टक्‌टक् असे आवाज ऐकू येतात.

आमचे मुद्रण पुष्कळसे वाचले. शेवटच्या समेवरची थाप दोन्ही यादींत स्पष्ट होती. सुरुवातीची टाळी आणि ही थाप यांमधले नमुने दोन्हीकडे मोजले आणि संगणकाकडून तबल्याची यादी त्या प्रमाणात आखडून घेतली.

जे वाचले नाही ते वेगळेच. बसल्या बसल्या तपासणी घेताना गुरुजी हळू गुणगुणत होते. त्या आवाजावर मी गेनची खुंटी लावली, बरीच वर. द्रुतात त्यांनी तार सप्तकात एक लांब तान घेतली. दाब परिवर्तकाच्या कमाल संख्येपलीकडे गेला. त्यापुढे त्याच्याजवळ अंकच नाहीत, म्हणून तो तीच कमाल संख्या पुन:पुन्हा लिहीत बसला. तरंगांचे शेंडे सपाट छाटले गेले. ऐकताना ती तान फाटक्या कापडासारखी लागते. छाटलेल्या जागी काय होते ते यादीत कुठेच नाही. कोणतीही आज्ञावली तिथे फार तर अंदाज भरील. पुन्हा मुद्रण करायचे ठरले होते, पण मध्यंतरी गुरुजींना अर्धांगाचा झटका आला. आता ते बोलतात, शिकवतात, मात्र तार सप्तकाला हात लावत नाहीत.

आणि ही चूक टाळणे किती सोपे होते! आजचा डबा प्रत्येक नमुना २४ बिटांत लिहितो, म्हणजे १,६७,७७,२१६ पायऱ्या. कॉम्पॅक्ट डिस्कमध्ये १६ बिट, ६५,५३६ पायऱ्या. प्रत्येक बिटामागे सुमारे ६ डेसिबेल. सर्वांत मोठ्या तानेचा शेंडाही कमाल मर्यादेच्या १२ डेसिबेल खाली राहील अशी खुंटी लावली, तर तुम्ही फक्त दोन बिट सोडता. बावीस उरतात. म्हणून गायकाला आधी मोठ्यात मोठी तान घ्यायला लावा, त्यावर खुंटी ठेवा आणि मग थोडी आणखी खाली आणा.

डबा निवडताना

खोक्यावरचा मोठा आकडा वाचून भुलू नका. '१८ आत, २० बाहेर' असे छापलेले असते. त्या अठरांपैकी आठ प्रकाशतंतूच्या छिद्रातून येणारे असतात (तिथे दुसरा डबा जोडला तरच त्यांचा उपयोग), दोन आणखी एका अंकीय जोडणीचे, आणि उरलेल्या आठांतही कधीकधी चारांनाच माइकचा प्रवर्धक असतो. माइकची तीन टाचण्यांची छिद्रे बोटाने मोजा. तोच खरा आकडा. यू.एस.बी.च्या वेगासाठी जादा पैसे मोजू नयेत, असे माझे मत आहे. ८ मार्ग × २४ बिट × ४८,००० म्हणजे सेकंदाला सुमारे ९२ लाख बिट, आणि २००० साली आलेल्या यू.एस.बी. २ ची क्षमता ४८ कोटींची आहे.

कंडेन्सर जातीच्या माइकला विजेचा पुरवठा लागतो. डब्यावर '४८ व्होल्ट' लिहिलेले बटण असते ते त्यासाठी. हे ४८ कुठले? १९६६ साली नॉइमान या जर्मन कंपनीने नॉर्वेच्या नभोवाणीला ट्रान्झिस्टरचे माइक पुरवले. तिथल्या स्टुडिओत वीज गेल्यावर लावायच्या दिव्यांसाठी ४८ व्होल्टची सोय आधीच होती, तीच माइकला दिली. जग आजही तेवढेच व्होल्ट देते.

गायक हेडफोनमधून स्वतःला ऐकणार असेल, तर डब्यातून थेट ऐकण्याची सोय हवी. संगणक नमुने गठ्ठ्याने घेतो. १,०२४ चा गठ्ठा भरायला २१ मिलिसेकंद, परत जाताना पुन्हा तितकेच. आपलाच आवाज चौदा मीटरवरून आल्यासारखा कानात पडला तर कोण सुरात गाईल? आणि घरगुती मुद्रणात 'घूं' असा ५० हर्ट्झचा आवाज आला, तर आधी लॅपटॉपचा चार्जर काढून पाहा.

करून पाहा

डबा नसला तरी दोन मोबाइल असतातच. दोन्ही टेबलावर अगदी लगत ठेवून ध्वनिमुद्रण सुरू करा. एक टाळी वाजवा, तासाभराने दुसरी वाजवा. दोन्ही मुद्रणे ऑडॅसिटी या मोफत आज्ञावलीत एकाखाली एक ठेवा, पहिल्या टाळ्या जुळवा आणि दुसऱ्या टाळ्यांत किती मिलिसेकंदांचे अंतर पडले ते मोजा. ३६ मिलिसेकंद आले, तर तुमच्या दोन स्फटिकांत दहा लाखांत दहाचा फरक आहे. मात्र मोबाइल मध्येच हलवू नका. ध्वनीला ३४ सेंटिमीटर जायला सुमारे एक मिलिसेकंद लागतो, आणि मग स्फटिक मोजायच्या ऐवजी तुम्ही टेबलाची लांबी मोजत बसाल.