विश्लेषण : बर्फाळ अभयारण्यात मित्रांसोबत ‘स्नोशू’ भटकंती… पायवाट सोडली तर काय बिघडते?

अलास्कातील केनाई द्वीपकल्पावर डिसेंबरच्या अखेरीस दिवस जेमतेम साडेपाच ते सहा तासांचा असतो. तरीही सुट्टीच्या दिवशी सॉल्डोट्ना गावाजवळच्या केनाई राष्ट्रीय वन्यजीव अभयारण्यात बुटांखाली रुंद चौकटी बांधून निघालेले तीन-चार जणांचे गट दिसतात. फारसे प्रशिक्षण न लागणारा हा हौशी प्रकार आहे. मात्र ज्यांच्या अंगणात ही भटकंती चालते, त्या प्राण्यांसाठी हाच काळ वर्षातला सर्वात खडतर असतो.

पाय रुतत का नाही?

हिशेब दाबाचा आहे. ७० किलोचा माणूस पाऊल टाकतो तेव्हा सगळा भार बुटाच्या सुमारे २५० चौरस सेंटिमीटर तळव्यावर येतो. मध्यम आकाराच्या स्नोशूचे क्षेत्रफळ ११०० चौरस सेंटिमीटरच्या आसपास असते. दाब जवळपास चौथ्या हिश्श्यावर येतो. पाय थोडा बुडतोच, पण गुडघ्यापर्यंत रुतत नाही. अलास्कातील अथाबास्कन लोक बर्चच्या लाकडी चौकटीत कच्च्या चामड्याच्या वाद्या विणून स्नोशू बनवत. आता ॲल्युमिनियम आणि प्लॅस्टिक आले, तत्त्व तेच.

याच जंगलातला ‘स्नोशू’ ससा हे तंत्र जन्मजात घेऊन येतो. त्याचे मागचे पाय शरीराच्या मानाने मोठे आणि केसाळ असतात. त्याची शिकार करणाऱ्या लिंक्सचे पंजेही तसेच रुंद. त्यामुळे बर्फावर दोघांत फार मोठा फरक उरत नाही!

ताज्या भुसभुशीत बर्फात खरी दमछाक होते ती सर्वात पुढच्याची. मागचे त्याच्या ठशांवरून चालतात. म्हणून ठरावीक वेळाने पुढचा माणूस बदलतात. एकट्याऐवजी गटाने जाण्याचा हा एक सरळ फायदा.

प्राण्यांना त्रास कसा होतो?

हे क्षेत्र १९४१ मध्ये राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी मुख्यतः मूसच्या रक्षणासाठी राखून ठेवले. १९८० मध्ये त्याला सध्याचे नाव मिळाले. मूस हे हरणाच्या कुळातले सर्वात मोठे जनावर. हिवाळ्यात त्याला विलो, बर्च यांच्या काटक्यांवर भागवावे लागते. त्यातून मिळणारी ऊर्जा अपुरी असते, त्यामुळे उन्हाळ्यात साठवलेली चरबी रोज थोडी थोडी वितळते. अशा वेळी फोटोसाठी कुणी जवळ गेले आणि जनावर खोल बर्फातून पळाले, तर ती ऊर्जा वसंतापर्यंत भरून निघत नाही. गाभण माद्यांसाठी हे अधिकच महागात पडते.

गंमत अशी, की तुडवलेली वाट मूसलाही सोयीची वाटते. त्यामुळे वळणावर समोरासमोर गाठ पडते. कान मागे पाडलेले आणि मानेवरचे केस ताठ झालेले दिसले, तर ते हल्ल्याचे लक्षण समजावे. तेव्हा मागे फिरून पळावे आणि जाड झाडाचा आडोसा घ्यावा. अस्वलासमोर पळू नये हा नियम इथे लागू होत नाही.

न दिसणारे नुकसान बर्फाखाली होते. साचलेल्या बर्फात हवा अडकलेली असते, त्यामुळे तो गोधडीसारखा काम करतो. वर उणे २० अंश असतानाही जमिनीलगत तापमान शून्याच्या आसपास राहते. त्या पोकळीत उंदरासारखे व्होल आणि चिचुंद्र्या हिवाळा काढतात. बर्फ दाबला की हवा निघून जाते, ऊब घटते आणि त्यांचे बोगदे बुजतात. चौघे एका रांगेत चालले तर एकच पट्टा दाबला जातो, पसरून चालले तर चार. पायवाट न सोडण्याच्या सूचनेमागे हेही कारण आहे.

तळ्यावरून जवळची वाट घ्यावी का?

गटात वाद होतो तो बहुधा इथेच. अंधार पडायला आला की गोठलेले तळे हा सोपा मार्ग वाटतो. चालण्यासाठी किमान १० सेंटिमीटर जाडीचा, स्वच्छ आणि नवा बर्फ लागतो, असा सर्वसाधारण निकष आहे. दुधाळ बर्फ कमकुवत असतो. वर हिमाची चादर असेल तर जाडी डोळ्यांनी कळत नाही, शिवाय त्या चादरीमुळे खालचा बर्फ सावकाश जाड होतो. ओढा तळ्याला मिळतो तिथे तो आणखी पातळ असतो. कधी बर्फाच्या थरावर पाणी चढते आणि हिमाखाली लपून राहते. त्यात बूट भिजले, तर अशा थंडीत पायाची बोटे गमावण्याची वेळ येऊ शकते. परतीची वेळ निघण्यापूर्वीच ठरवली, तर तळ्याच्या काठावर हा वाद घालावा लागत नाही.